क्रेव्हन सप्ताह आणि अर्धे उघडलेले दार

वसंत व्याख्यानमालेत रग्बीसारख्या परक्या खेळावर बोलावे, आणि तेही दक्षिण आफ्रिकेतील अठरा वर्षांखालच्या मुलांच्या एका स्पर्धेवर, याचे पुष्कळांना नवल वाटेल. आम्ही खेळाडू नव्हे, खेळाचे टीकाकार तर नव्हेच. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकाबाहेर सभा घेण्यात आणि फाटकाच्या आत वाटाघाटी करण्यात गेले. परंतु या स्पर्धेचा इतिहास वाचू लागलो तेव्हा आम्हांला जागोजाग आपल्याच धंद्यातला एक जुना प्रश्न भेटत गेला. वर्षानुवर्षे बंद असलेले दार मालकाने एक दिवस अर्धे उघडले, आणि "या, तुमच्यापैकी थोडेजण आत या" असे म्हटले, तर जावे की न जावे? कामगार चळवळीत या प्रश्नावर संघटना फुटल्या आहेत, जन्माची मैत्री तुटली आहे. तिकडे तो प्रश्न सतरा-अठरा वर्षांच्या पोरांपुढे येऊन पडला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. रग्बी हा पंधरा-पंधरा गड्यांचा खेळ. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा. तो हातात घेऊन पळावयाचे आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवावयाचा. अडविणाऱ्याने पळणाऱ्याला मिठी मारून पाडावयाचे. आपल्या कबड्डीतली पकड डोळ्यांपुढे आणली म्हणजे पुष्कळसे कळते. गंमत अशी की चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. सोबत्याला द्यावयाचा तर मागेच द्यावा लागतो, म्हणून पुढे जाणाऱ्याला मागच्याचे भान सुटू देता येत नाही. मुंबईकरांपैकी काहींनी हा खेळ जिमखान्याच्या मैदानावर भर पावसाळ्यात पाहिला असेल. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या करंडकासाठी खेळतात त्याचे नाव कलकत्ता कप आहे, आणि तो आपल्या चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा गोऱ्यांचा क्लब १८७८ च्या सुमारास मोडला, तेव्हा बँकेतली शिल्लक रुपयांत काढून ते वितळवून तो घडविला. ते रुपये कोणाच्या घामाचे, हा विषय वेगळा.

दक्षिण आफ्रिकेत हा खेळ दोन वाटांनी वाढला, आणि त्यांपैकी एकच वाट पुष्कळ दिवस इतिहासात लिहिली गेली. लिहिलेली वाट अशी : १८६२ च्या सुमारास केपटाऊनमधील इंग्रजी शाळेत चेंडू खेळण्यास प्रारंभ, १८८९ साली हिऱ्यांच्या खाणींच्या किंबर्ली गावी गोऱ्या खेळाडूंच्या मध्यवर्ती मंडळाची स्थापना, १८९१ साली ब्रिटिश संघाचा पहिला दौरा, आणि आगबोट कंपनीचे मालक सर डोनाल्ड करी यांनी दिलेला करंडक. पुढे हा खेळ इंग्रजांकडून बोअर शेतकऱ्यांच्या मुलांनी उचलला आणि इतका आपला केला की तो त्यांचा कुलधर्मच झाला.

न लिहिलेली वाट ईस्टर्न केपमधून जाते. तेथील मिशनरी शाळांत खोसा मुले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत हा खेळ शिकली. १८८७ साली पोर्ट एलिझाबेथ येथे आफ्रिकन लोकांचा पहिला रग्बी क्लब निघाला. खोसा भाषेत त्या चेंडूवरून खेळाला जे नाव पडले, त्याचा अर्थ 'जी धड गोल नाही ती वस्तू' असा सांगतात. केपटाऊनच्या मिश्रवंशीय व मुसलमान वस्त्यांत तर १८८६ पासून संघटना होती, आणि शतक संपण्यापूर्वी त्यांचे स्वतंत्र अखिल देशीय मंडळही उभे राहिले. म्हणजे 'काळ्यांना रग्बीची आवड नाही, त्यांना फुटबॉल पुरे' हे जे वाक्य गोरे अधिकारी पुढे शंभर वर्षे ऐकवीत राहिले, ते ज्या दिवशी प्रथम उच्चारले गेले त्या दिवशीही खोटेच होते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आफ्रिकन खेळाडूंचे मध्यवर्ती मंडळ १९३५ साली स्थापन झाले. त्यांच्या प्रांतिक सामन्यांना करंडक कोणी द्यावा? तो दिला नेटिव्ह रिक्रूटिंग कॉर्पोरेशन या संस्थेने. ही संस्था खाणमालकांनी १९१२ साली काढलेली. खेड्यापाड्यांतून तरुण माणसे करारावर भरती करून त्यांना सोन्याच्या खाणींत पाठविणे हे तिचे काम. आमच्याकडे गावोगाव माणसे गोळा करीत हिंडणारा मुकादम ज्यांनी पाहिला किंवा ऐकला आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. ज्या खाणींसाठी ही भरती चाले, त्यांतील आफ्रिकन कामगारांनी १९४६ च्या ऑगस्टमध्ये दिवसाला दहा शिलिंग मजुरी मागून संप केला. तो गोळ्या आणि दंडुके चालवून मोडला. किमान ९ कामगार मेले. करंडक देण्यास पैसा होता, दहा शिलिंग देण्यास नव्हता. खेळाला मिळालेली देणगी दिसली की देणाऱ्याचा हजेरीपट एकदा मागून पाहावा, अशी सवय आम्हांला आहे, ती अशा उदाहरणांमुळेच.

आता ज्यांच्या नावाने ही स्पर्धा चालते ते गृहस्थ. दानी क्रेव्हन यांचा जन्म १९१० साली ऑरेंज फ्री स्टेटमधील लिंडले गावचा. स्टेलेनबॉश विद्यापीठात शिकले आणि तेथेच आयुष्यभर राहिले. १९३१ ते १९३८ या काळात देशाकडून १६ कसोटी सामने खेळले; १९३७ साली न्यूझीलंडला न्यूझीलंडमध्ये हरविणाऱ्या संघात होते. अंग जमिनीशी समांतर झोकून देऊन चेंडू लांब फेकण्याची त्यांची पद्धत जगभर गाजली. वर तीन विषयांत डॉक्टरेट. १९५६ साली ते गोऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे सदतीस वर्षे, तेथून हलले नाहीत. संस्थेचा अध्यक्ष इतकी वर्षे खुर्चीत राहिला म्हणजे संस्था आणि माणूस यांतला फरक पुसला जातो. आमच्या युनियनांतही हा रोग आहे, तेव्हा त्यावर जास्त न बोलणे बरे. मुलांविषयी त्यांना खरी माया होती, हे त्यांचे विरोधकही नाकारीत नाहीत.

१९६४ साली त्या मंडळाला ७५ वर्षे पूर्ण होत होती. पीट मलान नावाच्या, १९४९ साली देशाकडून खेळलेल्या एका माजी खेळाडूने क्रेव्हन यांना सुचविले की या उत्सवात शाळांच्या मुलांनाही काही स्थान द्यावे. त्यातून जुलै महिन्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या सुट्टीत, ईस्ट लंडन या बंदराच्या शहरी प्रांतोप्रांतीच्या शालेय संघांचा एक सप्ताह भरला. १५ संघ आले. तोच पहिला क्रेव्हन सप्ताह.

या सप्ताहाची जी रचना ठरविली गेली ती आम्हांला फार आवडते. यात करंडक नाही. बाद पद्धत नाही. पहिल्या दिवशी हरलेला संघ बोचके बांधून घरी जात नाही. आठवडाभर सर्वांनी राहावयाचे, खेळावयाचे, एकमेकांचे सामने पाहावयाचे. अंतिम सामना म्हणून काही नाही. शेवटच्या दिवशीचा शेवटचा सामना कोणी खेळावयाचा, हे आठवडाभरात उत्तम खेळ कोणी केला ते पाहून ठरते, आणि तो जिंकणाऱ्यालाही विजेता ही पदवी मिळत नाही. क्रेव्हन यांचा हेतू असा की मुलांनी हरण्याच्या भीतीने आखडून न खेळता मोकळेपणी चेंडू खेळवावा, आणि दूरच्या लहान प्रांतातल्या पोरालाही मोठ्या शहरच्या पोराशेजारी उभे राहता यावे. जेथे पहिल्या नंबराखेरीज दुसरा नंबरच नसतो अशा आजच्या जगात हा विचार उदार म्हटला पाहिजे.

आणि एवढा उदार नियम ज्या मैदानावर लागू झाला, त्याच्या फाटकातून फक्त गोरी मुले आत जाऊ शकत होती.

त्या ईस्ट लंडनच्या आफ्रिकन वस्तीत रग्बी दोन-तीन पिढ्या मुरलेली होती. तेथल्या एकाही मुलाचे नाव त्या १५ संघांत नव्हते, असू शकतच नव्हते. पुढील वर्षांत सरहद्द ओलांडून ऱ्होडेशियातील गोऱ्या मुलांचा संघ सप्ताहाला येऊ लागला, ज्याला आज नामिबिया म्हणतात त्या नैर्ऋत्य आफ्रिकेचाही येऊ लागला. शेकडो मैलांवरून परप्रांतीचा येई. त्याच शहरातला रेल्वेरुळाच्या पलीकडचा येत नसे. १९६४ हे सालही लक्षात ठेवावे. सप्ताहाच्या जेमतेम महिनाभर आधी, १२ जून रोजी, नेल्सन मंडेला व त्यांचे सहकारी यांना जन्मठेप झाली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला वुयिसिले मिनी या कामगार पुढाऱ्याला प्रिटोरियात फाशी दिले. मिनी हे पोर्ट एलिझाबेथच्या गोदीतले कामगार, युनियन बांधणारे आणि गाणी रचणारे. त्याच वर्षी त्याच भागातला स्टीव्ह त्श्वेटे नावाचा रग्बीवेडा तरुण पंधरा वर्षांची शिक्षा घेऊन रॉबेन बेटावर गेला. तेथे राजकीय कैद्यांनी पुढे झगडून खेळण्याची परवानगी मिळविली आणि आपले रग्बी मंडळ काढले. त्श्वेटे त्याचे एक प्रमुख झाले. या माणसाचे नाव आपल्याला पुन्हा लागणार आहे.

यापुढची पंधरा वर्षे झरझर ओलांडू. १९६५ साली पंतप्रधान फेरवूर्ट यांनी सुचविले की न्यूझीलंडच्या संघात माओरी खेळाडू आलेले चालणार नाहीत. त्यामुळे १९६७ चा दौराच रद्द झाला. १९७० साली माओरी आले, पण 'मानद गोरे' या बिरुदाखाली. मनुष्याचा याहून मोठा अपमान कोणत्या शब्दांनी करता येईल, ते आम्हांला सुचत नाही. भारताने १९४६ सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. १९७४ साली डेव्हिस कपच्या अंतिम सामन्यात आपली गाठ त्याच देशाशी पडली, तेव्हा टेनिसच्या त्या करंडकाकडे पाठ फिरवून भारत खेळलाच नाही. आपल्या देशाने जगाच्या क्रीडांगणावर मिळविलेल्या विजयांत आम्ही तो न खेळलेला सामना अगत्याने मोजतो. १९७६ च्या जूनमध्ये सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर काही आठवड्यांतच न्यूझीलंडचा संघ तेथे दौऱ्यावर गेला. त्यावरून आफ्रिकी देशांनी माँट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. चोहोकडून कोंडी होऊ लागली, तशी तिकडे दार किलकिले करण्याची भाषा सुरू झाली.

त्या सुमारास तेथे रग्बीची चार मंडळे होती. एक गोऱ्यांचे, क्रेव्हन यांचे. दुसरे मिश्रवंशीयांचे फेडरेशन, तिसरे आफ्रिकनांचे. ही दोन्ही गोऱ्या मंडळाशी जमवून घेणारी. चौथे साऊथ आफ्रिकन रग्बी युनियन, अब्दुल्ला अबास यांच्या नेतृत्वाखालचे. यात केपटाऊनचे मिश्रवंशीय व मुसलमान होते, आणि पोर्ट एलिझाबेथच्या वस्त्यांतील आफ्रिकनही होते. १९७७-७८ मध्ये पहिली तीन एकत्र आली. चौथे आले नाही. ज्या सर्ववंशीय क्रीडासंघटनेशी ते निगडित होते तिचे पुढारी हसन होवा यांची घोषणा प्रसिद्ध आहे : समाज विपरीत असता खेळ सुरळीत असू शकत नाही. मैदानावर ऐंशी मिनिटे बरोबर खेळावयाचे, आणि सामना संपल्यावर एकाने आपल्या बंगल्यात व दुसऱ्याने पास दाखवून वस्तीत जावयाचे, याला एकत्र येणे म्हणत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

उलट दिशेनेही एक पाऊल पडले होते. १९७६ च्या ऑक्टोबरात वॉटसन घराण्यातील गोरे भाऊ पोर्ट एलिझाबेथच्या आफ्रिकन वस्तीत जाऊन, या चौथ्या मंडळाच्या झेंड्याखाली काळ्या खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळले. त्यांतल्या चीकी वॉटसनला देशाच्या संघात जागा मिळण्याची आशा होती. ती त्याने सोडली. दाराबाहेरच्यांनी आत जावे की नाही यावर सगळे वाद घालीत असता, आतला एकजण उठून बाहेर आला. असे करणारे फार थोडे निघाले, हेही सांगितले पाहिजे.

अशा स्थितीत १९८० साल उजाडले, आणि क्रेव्हन सप्ताहात फेडरेशनच्या मिश्रवंशीय मुलांच्या संघाला घेण्याचे ठरले. पंधरा-वीस पोरांचा हा प्रश्न. पण राज्यकर्त्या नॅशनल पक्षात त्यावरून वादळ उठले. मंत्री व पक्षाच्या ट्रान्सव्हाल शाखेचे नेते अँड्रिस ट्रोर्निख्ट यांनी जाहीर विरोध केला. मोठ्यांचा खेळ एक वेळ सोडा, पण शाळांचा खेळ हा शिक्षणाचा भाग. शिक्षण वंशवार वेगळे. मग मुले एका मैदानावर कशी, असे हे तर्कशास्त्र. पंतप्रधान बोथा यांना जगाला सुधारणा दाखवावयाची होती, म्हणून त्यांनी ट्रोर्निख्ट यांना आवरले. ती भेग मग बुजली नाही. १९८२ साली ट्रोर्निख्ट आपले अनुयायी घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष काढला. तेवढ्या एका रग्बी सप्ताहाने पक्ष फुटला असे आम्ही म्हणणार नाही. कारणे पुष्कळ होती. परंतु वर्णद्वेष्ट्याला आपल्या इमारतीची खरी कळ कोठे आहे ते नेमके ठाऊक असते. खाणीत काळा आणि गोरा एकत्र उतरतात त्याची त्याला भीती नाही, कारण तेथे हुकूम देणारा कोण ते ठरलेले असते. मुले एकत्र खेळली, एकाने दुसऱ्याला पाडले आणि हात देऊन उठविले, तर पुढे हुकूम कोण कोणाला देणार, ही त्याची धास्ती.

आता दाराबाहेर काय चालले होते ते पाहू. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केपमधील मिश्रवंशीय विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला. फुटकी तावदाने, अपुरी पुस्तके आणि एकूणच हलक्या दर्जाचे शिक्षण, या त्यांच्या तक्रारी. आदल्या वर्षी बेलव्हिल येथील फॅटिस अँड मोनिस या शेवया-पिठाच्या कारखान्यातील ८८ कामगारांनी सुमारे सात महिने झुंज दिली होती, आणि वस्त्यांतील दुकानदार, विद्यार्थी, खेळाडू या सर्वांनी त्या मालावर बहिष्कार टाकून मालकाला नमविले होते. १९८० च्या मेमध्ये केपटाऊनच्या खाटीकखान्यांतील कामगार बाहेर पडले, तर लोकांनी मांस खाणे सोडले. म्हणजे ज्या गल्ल्यांतून सप्ताहासाठी मुले निवडावयाची, त्या गल्ल्यांत त्या हिवाळ्यात शाळा ओस होत्या आणि चुलीवर मांस शिजत नव्हते. सप्ताहात जाणाऱ्या पोराला शेजारी काय म्हणत असतील?

आणि नेमका हाच पेच त्याच वर्षी कामगार संघटनांपुढे होता. तेथे आफ्रिकन कामगारांच्या युनियनला कायद्याने मान्यताच नव्हती. १९७३ च्या दर्बानच्या संपांनंतर सरकारने संपर्क समित्या काढल्या, ज्यांत निम्म्यापर्यंत सभासद मालकाने नेमावयाचे. अशा समित्या आम्ही आमच्याकडेही पाहिल्या आहेत. चहा चांगला मिळतो. मग १९७९ साली वीहान आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने आफ्रिकन युनियनांना नोंदणी देऊ केली. दार अर्धे उघडले. फोसाटू या त्या वर्षी स्थापन झालेल्या महासंघाचे म्हणणे पडले की आमची संघटना सर्ववंशीय राहील ही अट घालून नोंदणी घ्यावी; कायद्याने दिलेली जागा हातची घालवू नये, कारखान्यात पाय रोवावे. केपची जनरल वर्कर्स युनियन नोंदणीविरुद्ध उभी राहिली. आणि ईस्ट लंडन, जेथे पहिला सप्ताह भरला होता त्याच शहरात, साऊथ आफ्रिकन अलाईड वर्कर्स युनियन हजारो कामगार घेऊन उभी राहिली आणि तिने नोंदणीला साफ नकार दिला. वाद फार कडवट झाला. 'विकले गेलेले' आणि 'पोथीनिष्ठ' हे शब्द दोन्ही बाजूंनी सुटले. पण त्यांनी एक केले : बोलणे सोडले नाही. १९८५ च्या डिसेंबरात नोंदणी घेतलेल्या आणि सुरुवातीस नाकारलेल्या अनेक संघटना कोसाटू या एका महासंघात आल्या.

मग खेळात तसे का झाले नाही? आमचे मत असे. कामगाराला वेळ असतो. या वर्षी नोंदणी नाकारली, तर तीन वर्षांनी घेता येते. आज संप फसला, तर उद्या पुन्हा फाटकावर उभे राहता येते. अठरा वर्षांच्या मुलाला जुलै महिना एकदाच येतो. त्या सप्ताहात निवड करणारे बसलेले असतात. १९७४ पासून तेथूनच सबंध देशाचा शालेय संघ निवडला जाऊ लागला. तो आठवडा हुकला म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत जन्माचा हुकला. बहिष्काराची किंमत चळवळ देते असे आपण म्हणतो, पण येथे ती सर्वांत तरुण माणसाने भरली, आणि त्याला कोणी मत विचारले नव्हते. जे मूल बाहेर राहिले त्याचे नाव कोठेच नोंदले गेले नाही. जे आत गेले त्याच्या पाठीवर 'फितूर' असा शिक्का बसला, आणि आत गोऱ्यांनी 'दाखविण्यापुरता घेतलेला' असा दुसरा मारला. फेडरेशनकडूनच वर आलेला एरल टोबायस १९८१ साली आयर्लंडविरुद्ध देशाकडून कसोटी खेळणारा पहिला काळा खेळाडू झाला. त्या गुणी खेळाडूला हे दोन्ही शिक्के एकाच वेळी वागवावे लागले.

असे असूनही, दोन्ही तागड्या समोर धरल्या तर आमचा कौल बाहेर राहिलेल्यांच्या बाजूने पडतो. ज्यांनी दार अर्धे उघडले त्यांनी ते ममतेने उघडले नव्हते. बाहेरच्या कोंडीने त्यांना श्वास घेणे कठीण झाले होते. १९८० साली सर्वच आत गेले असते, तर दार तेवढेच उघडे राहिले असते, आणि जगाला दाखविण्यास एक छायाचित्र मिळाले असते. मात्र आत गेलेल्या पोरांना फितूर म्हणण्यास आम्ही तयार नाही. फितुरी करण्यासाठी आधी सौदा कळावा लागतो.

शेवटी खुद्द क्रेव्हन हेच १९८८ च्या ऑक्टोबरात हरारेला गेले आणि ज्यांना त्यांचे सरकार दहशतवादी म्हणत होते त्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या पुढाऱ्यांशी बोलणी करून आले. त्यांच्याच देशात त्यांच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. ७८ वर्षांच्या माणसाने तो सोसला, हे त्यांच्या बाजूला लिहिले पाहिजे. तो प्रवास त्यांनी चोवीस वर्षे आधी केला असता तर, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे. पुढच्या बोलण्यांत दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसविणारा माणूस म्हणजे रॉबेन बेटावरून सुटून आलेले स्टीव्ह त्श्वेटे. १९९२ च्या मार्चमध्ये दोन मंडळांचे एक मंडळ झाले. १९९३ च्या जानेवारीत क्रेव्हन वारले. १९९४ साली मंडेला यांच्या मंत्रिमंडळात त्श्वेटे क्रीडामंत्री झाले.

सप्ताह आजही दर हिवाळ्यात भरतो. २०२० साली मात्र साथीमुळे तो रद्द करावा लागला. मुलींचे आणि सोळा वर्षांखालील मुलांचे सप्ताह आता वेगळे भरतात, आणि सोळा वर्षांखालच्या सप्ताहाला ग्रँट खोमो या आफ्रिकन क्रीडापटूचे नाव दिले आहे. प्रांतांच्या संघांत काळ्या मुलांची संख्या किती असावी याचे नियम आले, त्यावर वाद झाले, अजून होतात. ज्या पोर्ट एलिझाबेथला २०२१ पासून ग्केबेऱ्हा म्हणतात, तेथील झ्वीडे या गरीब वस्तीतला सिया कोलिसी ईस्टर्न प्रॉव्हिन्सकडून हा सप्ताह खेळला. तोच २०१९ आणि २०२३ साली विश्वविजयी संघाचा कर्णधार होता. पण तो सप्ताहापर्यंत कसा पोचला, ते पाहा. बाराव्या वर्षी एका स्पर्धेत कोणाच्या तरी नजरेस पडला, ग्रे या जुन्या प्रतिष्ठित शाळेची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा त्याला दोन वेळचे अन्न आणि पायांत खेळाचे बूट मिळाले. झ्वीडेच्या शाळेतच राहिला असता तर?

फाटकावरची पाटी निघाली. आता तेथे फीचा आकडा लिहिलेला आहे. फ्री स्टेटचा संघ म्हणजे बहुतेक वेळा ब्लूमफाँटेनच्या ग्रे कॉलेजचा संघ. इतर प्रांतांतही पार्ल, स्टेलेनबॉश, प्रिटोरिया येथील मोजक्या शाळांतूनच मुले येतात. व्यावसायिक क्लबांचे दलाल मैदानाच्या कडेला वह्या घेऊन बसतात, सोळा-सतराव्या वर्षी करार होतात, आणि अंग लवकर भरावे म्हणून औषधे घेणारी मुले २०१८ सारख्या वर्षी चाचण्यांत सापडली आहेत. करंडक ठेवावयाचा नाही हा १९६४ चा नियम मात्र कोणी बदललेला नाही. शेवटच्या दिवशी शेवटचा सामना होतो, मुले एकमेकांचे हात हातात घेतात, कोणाला विजेता म्हटले जात नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे आपल्या हिशेबाने एक विजेता छापून मोकळी होतात.